छोट्या इंजिनाचा श्वास

पाऊस जरा ओसरला की कोकणातल्या तालुक्याच्या गावी मेकॅनिकच्या दुकानापुढे ग्रासकटरांची रांग लागते. गणपती आठ दिवसांवर आलेले असतात, घराकडे येणारी पायवाट कमरेएवढ्या गवतात बुडालेली असते, कलमांच्या बागेची बेणणी खोळंबलेली असते आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "गेल्या वर्षी चांगला चालू असताना ठेवला होता, मग आता का चालू होत नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. वापरलंच नाही ते यंत्र बिघडलं कसं?

त्याचं उत्तर या प्रकरणात मिळेल, पण शेवटी. आधी इंजिन श्वास कसा घेतं ते समजून घ्यायला हवं. ग्रासकटर, फवारणीचा पंप, पाणी ओढायचा पंप, लग्नकार्यात आणलेला छोटा जनरेटर, या सगळ्यांची पेट्रोल इंजिनं एकाच कुळातली. ती नीट चालतात ती आत जाणाऱ्या हवेवर, आणि त्यांच्यापायी माणसं दगावतात ती बहुतेक वेळा बाहेर पडणाऱ्या हवेमुळे किंवा फिरत्या पात्यामुळे. दुरुस्ती आणि सुरक्षा हे दोन वेगळे विषय मानायची आपल्याला सवय आहे. मला ते एकच वाटतात.

१. एका लिटरला टँकरभर हवा

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. तीही हवेत नेमक्या प्रमाणात मिसळली तरच. चुलीत लाकडं खच्चून भरली की ती धुमसते आणि फार थोडी घातली की विझते, तसंच हे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या साधारण पंधरा पट हवा लागते.

हे आकड्यांत करून बघू. एक लिटर पेट्रोलचं वजन सुमारे ७४० ग्रॅम. त्याच्या पंधरा पट म्हणजे जवळजवळ ११ किलो हवा. हवा इतकी हलकी की तिचा एक किलो सव्वाआठशे लिटरच्या आसपास जागा व्यापतो. म्हणजे एका लिटर पेट्रोलसाठी नऊ हजार लिटर हवा. उन्हाळ्यात गावोगाव पाणी पुरवणारा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो, तो डोळ्यांसमोर आणा. बाटलीभर पेट्रोलमागे जवळजवळ तो टँकरभर हवा हे छोटं यंत्र ओढतं आणि तितकाच धूर बाहेर टाकतं. हा टँकर लक्षात ठेवा, पुढे विहिरीपाशी आपल्याला त्याचं काम पडणार आहे.

एवढी हवा एका इवल्याशा फिल्टरमधून जाते. पुढे कार्बोरेटर. त्याच्या मधोमध नळी अरुंद होते. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि बारीक भोकातून पेट्रोल आपोआप वर ओढलं जाऊन तुषारांसारखं हवेत मिसळतं. पूर्वी ढेकणांवर मारायचा हातपंप असायचा, त्याचं तत्त्व हेच. त्या भोकाला जेट म्हणतात. काही जेट इतके बारीक असतात की त्यातून शिवणाची सुईही जात नाही. एवढं बारीक भोक बुजायला किती कचरा लागेल याचा अंदाज करा.

चोक म्हणजे या हवेच्या वाटेतला पडदा. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. इंजिन तापलं की चोक उघडायचा. तो ओढलेलाच राहिला तर काळा धूर येतो, इंजिन गुदमरतं आणि प्लग ओला होऊन बसतो.

उरली ठिणगी. या इंजिनांना बहुधा बॅटरी नसते. दोरी ओढली की फिरणाऱ्या चाकातलं लोहचुंबक एका कॉइलजवळून झपकन जातं, त्या झपाट्यात काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगच्या टोकाशी मिलिमीटरभरापेक्षा कमी फटीत ठिणगी उडते. दोरी सावकाश ओढली तर ठिणगी मेंगळट निघते. म्हणून आधी दोरी हळू ओढून जड लागेपर्यंत आणायची आणि मग एका दमात ओढायची. नवशिका दहा वेळा अर्धवट ओढतो, जाणता दोनदाच पण पुरती.

२. तेल कुठे असतं?

जर्मनीत निकोलाउस ऑटोने १८७६ साली चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं. मिश्रण ओढणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं असे ते चार टप्पे. यालाच आपण फोर-स्ट्रोक म्हणतो. पुढे १८९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या बाथ शहरात जोसेफ डे याने पिस्टनच्या खालच्या पोकळीचाही उपयोग करून घेतला. पिस्टन वर जाताना खाली ताजं मिश्रण ओढलं जातं आणि पिस्टन खाली येताना तेच वर ढकललं जातं. चारांऐवजी दोन टप्प्यांत काम भागलं. इंजिन हलकं झालं, आणि म्हणून खांद्यावर घ्यायच्या यंत्रांत आजही बहुधा टू-स्ट्रोकच दिसतं.

या बदलाची एक किंमत होती. फोर-स्ट्रोकमध्ये खालच्या पोकळीत तेल साठवता येतं. टू-स्ट्रोकमध्ये तिथून मिश्रणाची वाट जाते, त्यामुळे तेल ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्ये मिसळून द्यावं लागतं. इंजिनाला वंगण मिळायचा तो एवढा एकच मार्ग. नुसतं पेट्रोल घालून टू-स्ट्रोक चालवलं तर ते थोडा वेळ छान चालतं, मग आवाज बारीक होत जातो आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. दोरी मग हलतच नाही.

प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. समजा पाच लिटरचा कॅन भरायचा आहे. ५० ला १ लिहिलं असेल तर पाच हजार मिलिलिटरला ५० ने भागा : १०० मिलिलिटर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं, तेल. ४० ला १ असेल तर १२५, आणि २५ ला १ असेल तर २००. औषधाच्या बाटलीवरचं मोजमापाचं झाकण यासाठी उत्तम. 'अंदाजे दोन झाकणं' हा हिशेब मी अनेक बागांत ऐकला आहे आणि प्रत्येक बागेतलं झाकण वेगळ्या मापाचं होतं. चार थेंब जास्त घातले की इंजिनाला बरं, ही समजूतही खरी नाही. जास्तीचं तेल पेट्रोलची जागा खातं, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरतं आणि प्लग काळा करतं. आधी कॅनमध्ये थोडं पेट्रोल, मग तेल, मग हलवणं, मग उरलेलं पेट्रोल, आणि टाकीत ओतण्याआधी पुन्हा एकदा हलवणं, हा क्रम पाळावा.

फोर-स्ट्रोक पंप आणि जनरेटरमध्ये तेल तळाशी असतं. बऱ्याच छोट्या इंजिनांत ते चढवायला वेगळा पंप नसतो. फिरणाऱ्या दांड्याला पळीसारखं एक टोक असतं आणि ते प्रत्येक फेऱ्याला तेल उडवत राहतं. आमटीचं पातेलं कलतं ठेवलं तर पळी कोरडीच वर येते. तसंच उतारावर ठेवलेल्या पंपाचं होतं : तेल पुरेसं असूनही इंजिन कोरडं पडतं. यंत्र सपाटीवर ठेवा, नसेल तर जांभ्याचा चिरा सारून जागा सपाट करा. (खांद्यावरचे काही फोर-स्ट्रोक ग्रासकटर मात्र कुठल्याही कोनात चालावेत असे मुद्दाम बनवलेले असतात.)

पाच अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनात तेल मावतं जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. इतक्या थोड्या तेलावर सगळा भार, त्यामुळे रोज चालू करण्याआधी तेलाची पट्टी काढून पाहणं आलंच. नव्या इंजिनाचं पहिलं तेल साधारण २० तासांनी बदलायचं, कारण धातूचे भाग एकमेकांशी बसताना जो बारीक चुरा निघतो तो त्यात उतरलेला असतो. त्यानंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. आपल्या यंत्राची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर पुस्तिकेचं ऐका.

३. प्लग काय सांगतो

इंजिन चालू होत नसेल तर दोरी ओढून खांदा दुखवण्याआधी प्लग काढून त्याचं टोक उजेडात बघा. इंजिनाच्या पोटात काय चाललंय याचा एवढा स्वस्त आणि खरा साक्षीदार दुसरा नाही.

टोक चहाच्या रंगाचं किंवा बदामी असेल तर आत सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर हवा कमी पडते आहे. आधी एअर फिल्टर बघा, मग चोक पूर्ण उघडतो का ते बघा. काळं आणि तेलकट असेल तर मिश्रणात तेल जास्त आहे, किंवा फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या रिंगा झिजून तेल वर येतंय. पांढरं फटक टोक सगळ्यांत वाईट : इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय आणि ते नको इतकं तापतंय. असं चालवत राहिलात तर पिस्टन जाईल. टोक पेट्रोलने ओलं असेल तर इंजिन 'ओव्हर' झालं आहे. प्लग पुसून वाळवा, चोक उघडा, प्लग बाहेर असतानाच दोरी तीन-चार वेळा ओढून आतली वाफ निघू द्या आणि थोडं थांबून प्लग परत बसवा. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल तिथवर पोचतच नाही.

ठिणगी बघायची एक पद्धत गॅरेजात सर्रास दिसते : प्लग टोपीत अडकवायचा, इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि दोरी ओढायची. प्लगच्या भोकातून त्या क्षणी पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि वीतभर अंतरावर ठिणगी उडत असते. हे करू नका. त्याच जातीचा नवा प्लग आणून लावून बघा. किंमत फार नसते.

आणखी एक दोष मेकॅनिकलाही चकवतो. इंजिन चालू होतं, दहा-पंधरा मिनिटं चालतं आणि गुदमरून बंद पडतं. थोड्या वेळाने पुन्हा चालू. अशा वेळी टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' असा आवाज आला तर दोष झाकणात आहे. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा टाकीत शिरायला झाकणाला बारीक भोक असतं; ते बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. कित्येकदा या भोकात कुंभारमाशीची माती असते.

फिल्टरची स्वच्छता सोपी आहे, पण जात ओळखून करा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑईलचे चार थेंब टाकून पिळून घ्या. कागदाचा असेल तर हलक्या हाताने आपटून धूळ झाडा. त्याला पाणी नको. आणि स्पंज पेट्रोलमध्ये बुचकळून धुणाऱ्यांनी पुढचा भाग वाचावा.

४. जमिनीवरून चालत जाणारी वाफ

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सियसलाही पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणजे आपल्याकडे पौष असो की वैशाख, उघड्या पेट्रोलवर ती कायम असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीवर पसरते. पडवीच्या एका टोकाला तुम्ही टाकी भरताय, उंबऱ्याच्या आत देवापुढे समई आहे आणि मागे न्हाणीघराची चूल पेटलेली आहे, हे चित्र कोकणातल्या कुठल्याही घरातलं. वाफ शेणाच्या जमिनीवरून, उंबऱ्यावरून समईपर्यंत जाऊ शकते. ज्योत तिला भेटली की आग आल्या वाटेने कॅनपर्यंत परत येते.

म्हणून पेट्रोल अंगणात भरा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, कारण सायलेन्सर काही शे अंशांपर्यंत तापलेला असतो. काम पुन्हा सुरू करताना भरल्या जागेपासून आठ-दहा पावलं दूर जाऊन दोरी ओढा. पेट्रोल पंपावर कॅन भरताना तो गाडीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा. वाहत्या पेट्रोलने स्थिर वीज साठते, जमिनीवर ती निघून जाते.

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवणं ही आपल्याकडची फार जुनी खोड. टू-टी मिसळलेलं पेट्रोल निळसर किंवा हिरवट दिसतं, सरबतासारखं. घरात लहान मूल असतं, दुपारी तहानलेला गडी असतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल स्वतःच्या वापरासाठी बाळगता येतं, पण घट्ट बुचाच्या धातूच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात. त्यातही काचेचं आणि चिनी मातीचं भांडं एक लिटरपेक्षा मोठं चालत नाही. धातूचा घट्ट झाकणाचा कॅन घ्या, त्यावर ठळक अक्षरांत लिहा आणि तो घरात न ठेवता गोठ्यापासूनही दूर, सावलीच्या जागी ठेवा.

५. पात्याचं टोक किती वेगाने जातं

ग्रासकटरचं पातं साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर व्यासाचं असतं. मिनिटाला ७००० फेरे धरले तर त्याचं टोक एका फेऱ्यात ८० सेंटिमीटर कापतं. ७००० ने गुणा, साठाने भागा : सेकंदाला ९३ मीटर. म्हणजे ताशी ३३० किलोमीटरहून जास्त. या वेगाने जांभ्याचा खडा उडाला तर त्याला गोटीएवढं असायचीही गरज नाही.

काम चालू असताना पन्नास फुटांत कुणी नको. शेजारी गवत गोळा करणारी बाई नको, बघायला उभा राहिलेला नातू तर नकोच. डोळ्यांना चष्मा किंवा जाळीचा मुखवटा, पायांत गमबूट, कानांत बोळे. पात्यामागचं संरक्षक कव्हर 'गवत अडकतं' म्हणून काढून टाकतात. तेच खडा पायावर येऊ देत नाही.

वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झाडू मारल्यासारखं कापायचं. पात्याचा समोरचा-उजवा भाग, घड्याळात बारा ते तीनच्या मधला, खुंटाला किंवा दगडाला लागला की सगळं यंत्र हिसका देऊन उजवीकडे फेकलं जातं. माणूस त्याच्याबरोबर वळतो आणि पातं शेजारच्याच्या पायाशी पोचतं. पट्टा खांद्यावर नीट असेल तर हा हिसका बराचसा आवरला जातो.

ॲक्सिलरेटर सोडलेला, इंजिन नुसतं चालू, आणि तरी पातं फिरतंय? मग मंद वेगाचा स्क्रू कमी करून घ्या किंवा क्लच दाखवून घ्या. अशा अवस्थेत ते वापरू नका. आणि पात्यात वेल अडकली तर एक गोष्ट सवयीने व्हायला हवी : इंजिन बंद, पातं थांबलं, मग प्लगची टोपी ओढून बाजूला, मगच हात. टोपी जागेवर असताना पातं हाताने फिरवलं आणि क्लच चिकटलेला असला तर आतला पिस्टनही हलू शकतो, आणि गरम इंजिनाला तेवढा एक फेरा पुरतो.

६. विहीर

इथे मला सावकाश जायचं आहे.

पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण खरं तर तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाणी फार तर १०.३ मीटर चढवू शकतो, आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटर म्हणजे पंचवीस फुटांपलीकडे काम होत नाही. चैत्र-वैशाखात पाणी पस्तीस-चाळीस फुटांवर जातं. पंप काठावर आहे, पाणी येत नाही, बाग करपते आहे. मग माणूस उपाय काढतो : दोरखंड बांधून इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवायचं.

आता तो टँकर आठवा. विहीर दहा फूट व्यासाची आहे आणि टप्प्याच्या आसपास दहा फूट उंचीची हवा आहे असं धरू. ती झाली सुमारे २२ हजार लिटर. पेट्रोल अपुऱ्या हवेत जळतं तेव्हा कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो, आणि छोट्या कार्बोरेटरच्या इंजिनाच्या धुरात तो शेकड्यात काही भाग असतो. आपण तीनच धरू. चहाच्या कपाएवढं, १०० मिलिलिटर, पेट्रोल जळलं की ९०० लिटर हवा आत गेली आणि साधारण तेवढाच धूर निघाला. त्यात २७ लिटर हा वायू. बावीस हजारांत सत्तावीस म्हणजे ०.१२ टक्के. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने जिवाला तात्काळ धोका म्हणून जी मर्यादा ठरवली आहे ती नेमकी एवढीच. आणि कपभर पेट्रोल संपायला पाच-सहा मिनिटं पुरतात.

गावातले जुने लोक विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. कुजलेल्या गाळाच्या विहिरीसाठी ही रीत शहाणपणाची आहे, कारण प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो. पण आपल्या उदाहरणात बघा. नऊशे लिटर हवा वापरली गेली तेव्हा प्राणवायू २१ टक्क्यांवरून २० वर आला. कंदील विझतो १६ च्या आसपास. म्हणजे माणूस मरेल इतकं विष हवेत असताना कंदील छान जळत राहतो. त्यातून तळाशी पेट्रोलची जड वाफ साठलेली असेल तर कंदीलच आग लावेल.

या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो घटक असतो त्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. उन्हात काम केलेला माणूस म्हणतो, पित्त झालं असेल, जरा बसतो. तो बसतो आणि उठत नाही.

मग वरून भाऊ उतरतो. मग शेजारी. एका विहिरीत दोन-तीन माणसं जातात ती अशी, आणि त्यांतली पहिली सोडून बाकीची मदतीला गेलेली असतात. खाली कुणी कोसळलेलं दिसलं तर उतरू नका. ११२ किंवा १०१ ला फोन करा, खालच्या माणसाला शुद्ध असेल तर दोर टाकून वरून ओढा. नाकाला ओला रुमाल बांधून काहीही साधत नाही.

सायलेन्सरला लांब पाईप लावून धूर वर काढतो, असंही काही जण सांगतात. सांध्यातून किती गळतं हे दिसायचा काही मार्ग नाही. कुठलंही इंजिन विहिरीत उतरवू नये, रॉकेलवर चालणारंही नाही. पाणी पंचवीस फुटांखाली गेलं की पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाचं काम संपलं. तिथून पुढे पाण्यात बुडवायचा विजेचा किंवा सौर पंपच हवा.

बंद खोलीचं गणित याहून वेगळं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी जनरेटर येतो, वरून पाऊस असतो, आणि यंत्र भिजू नये म्हणून कुणीतरी ते पडवीत किंवा कोठीत घेतं. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत २८ हजार लिटर हवा असते. विहिरीपेक्षा फारशी जास्त नाही. खिडकी उघडी ठेवून हे भागत नाही. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून वीस फूट तरी दूर, पत्र्याच्या उघड्या आडोशाखाली ठेवा. त्याची वायर घराच्या सॉकेटमध्ये उलटी खुपसून दिवे लावायचा मोह टाळा : ती वीज मीटरमधून ट्रान्सफॉर्मरला जाते, तिथे तिचे २३० चे ११ हजार व्होल्ट होतात आणि तारा बंद आहेत असं समजून खांबावर चढलेल्या लाईनमनला तो धक्का बसतो.

७. दिवाळीनंतर ठेवताना

आता रांगेतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. गेल्या दिवाळीत चालू असलेला ग्रासकटर गणपतीच्या तोंडावर का चालू होत नाही?

कारण टाकीत पेट्रोल होतं. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले चटकन उडणारे, म्हणजे थंड इंजिन पेटवून देणारे, अंश आधी उडून जातात. उरलेल्यांचा हवेशी संयोग होऊन जुन्या मधासारखा चिकट थर बनतो आणि तो नेमका जेटच्या भोकात बसतो.

त्यात आता इथेनॉल आलं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं आणि आता ते सगळीकडेच आहे. इथेनॉल पाणी शोषतं. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरलं तर हे दोन थर कधीकधी स्पष्ट दिसतात. टू-टी तेल वरच्या थरात राहतं, आणि टाकीतली नळी मात्र तळाशी असते. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो बिनतेलाचा, पाण्याचा. शिवाय जुन्या यंत्रांतले रबराचे पडदे आणि नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. तशा नळ्या बदलून घ्या, दुरुस्तीचा हा सगळ्यांत स्वस्त भाग आहे.

म्हणून पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच मिश्रण करा. आणि हंगाम संपला की अंगणात, सकाळच्या वेळी, एक तास काढा. टाकी कॅनमध्ये रिकामी करा. इंजिन चालू करून कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या, ते आपोआप बंद पडेल. थंड झाल्यावर सिलिंडरच्या पंख्यांमधली सुकलेली हिरवट घाण ब्रशने काढा. हवा याच फटींतून जाऊन इंजिन थंड ठेवते. प्लग काढा, भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडा आणि ते आतल्या भिंतींना लागावं म्हणून दोरी दोन-तीनदा ओढा. प्लग परत बसवा, टोपी लावू नका.

शेवटी दोरी अगदी सावकाश ओढा. एका जागी ती जड लागेल. तिथेच थांबा आणि दोरी हळूच परत जाऊ द्या. आता पिस्टन वर आहे आणि हवेच्या वाटा बंद आहेत. पावसाळ्यातली दमट हवा आत शिरणार नाही.